सावळ्या त्वचेला कोणते लेझर मानवते? सांगली-मिरजेतील साडेतीन वर्षांचा अनुभव

गेल्या साडेतीन वर्षांत नको असलेले केस घालवण्यासाठी माझ्या हनुवटीवर, हातांवर आणि पायांवर चार निरनिराळ्या प्रकारची यंत्रे चालली: सांगलीतल्या एका पार्लरमधले आयपीएल (दिव्याच्या तीव्र झोतांचे यंत्र), विश्रामबागेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडचे डायोड लेझर, मिरजेच्या एका दवाखान्यातले एनडी-याग लेझर आणि माझ्या नणंदेने पुण्याहून आणलेले घरगुती यंत्र. माझा रंग सावळ्याकडे झुकणारा गहूवर्णी आहे, हनुवटीवरचे केस राठ आहेत आणि विसाव्या वर्षापासून मला पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयाशी जोडलेल्या संप्रेरकांच्या बिघाडाचा, त्रास आहे. या तीन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण एकच यंत्र एकीला गुण देते आणि दुसरीला डाग देते, आणि तसे का होते हे कळल्याशिवाय कोणत्याही यंत्राच्या परीक्षणाला अर्थ राहत नाही.

परिणाम मोजण्यासाठी मी एक साधी पद्धत ठेवली होती. जुन्या एक्स-रे फिल्मला एक रुपयाच्या नाण्याएवढे गोल भोक पाडले. उजव्या मनगटाच्या चार बोटे वर एक तीळ आहे, त्याच्या कडेला ती फिल्म टेकवायची आणि सकाळी खिडकीच्या उजेडात त्या गोलातले केस सुईच्या टोकाने बाजूला सारत मोजायचे. डायोडच्या पहिल्या सिटिंगच्या आधी ते ३८ भरले. सहा सिटिंग पूर्ण होऊन तीन महिने झाल्यावर ९ उरले आणि वर्षाने पुन्हा मोजले तेव्हा १२ झाले होते. सिटिंग झाल्यावर लगेच मोजण्यात काही हशील नसते, कारण जळालेले केस पंधरा दिवसांत गळून जातात आणि विश्रांतीत असलेल्या मुळांचे केस अजून वर यायचे असतात. तेव्हाचा गुळगुळीत हात पाहून खूश झालेल्या पुष्कळ जणी नंतर निराश होतात. तो तीळ मात्र डॉक्टर दर वेळी पांढऱ्या पेन्सिलीने झाकत, कारण लेझरला केस आणि तीळ यांतला फरक कळत नाही. त्याला दिसतो तो फक्त काळा रंग.

सगळे गणित या रंगावरच उभे आहे. केसाला आणि त्वचेला रंग देणारे द्रव्य एकच, मेलॅनिन. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश योग्य वेळापुरता सोडला, तर आजूबाजूच्या भागाला इजा न होता हवे तेवढेच लक्ष्य तापवता येते, हे तत्त्व अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी १९८३ साली मांडले आणि केस काढणारी आजची सारी लेझर यंत्रे त्यावरच चालतात. केसातले मेलॅनिन प्रकाश शोषून तापते, ती उष्णता केसाच्या मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पसरते आणि त्या पेशी निकामी होतात. गोऱ्या त्वचेवर काळा केस असेल तर काम सोपे असते. आपल्याकडे मात्र केस काळे आणि त्वचाही रंगाने भरलेली, त्यामुळे वरून आलेला प्रकाश केसाच्या मुळापर्यंत पोहोचण्याआधी त्वचाच त्यातला वाटा घेते आणि भाजते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली सुरू केलेल्या वर्गवारीत आता सर्वांत गोऱ्यापासून सर्वांत काळ्यापर्यंत त्वचेचे सहा प्रकार मानले जातात, आणि आपल्या लोकांत चौथा व पाचवा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. डॉक्टरांनी माझ्या फाइलवर पाच लिहिले होते.

तरंगलांबी जितकी कमी तितकी मेलॅनिनची भूक जास्त, आणि तरंगलांबी वाढवत नेली की मेलॅनिन कमी शोषते, पण प्रकाश त्वचेत अधिक खोल जातो. रूबी लेझरची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, अलेक्झांड्राइटची ७५५, डायोडची साधारण ८०० ते ८१० आणि एनडी-यागची १०६४. रूबी आता या कामातून जवळपास बाद झाले आहे. अलेक्झांड्राइट बारीक आणि फिकट केसांवरही चांगले चालते, पण ते गोऱ्या त्वचेसाठी. माझी मावसबहीण कोकणस्थ घरातली, अंगाने केतकी; पुण्यात तिने अलेक्झांड्राइटच्या पाच सिटिंग घेतल्या आणि तिच्या पायांवर आज शोधूनही केस सापडत नाहीत. तिचे पाहून मी विश्रामबागेतल्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या बहिणीला जे मानवले ते तुम्हाला मानवेलच असे नाही. तुमच्या त्वचेवर ७५५ चालवायचे तर इतक्या कमी ताकदीवर चालवावे लागेल की केस हसतील, आणि ताकद वाढवली तर डाग पडेल." त्यांनी नकार दिला याचा मला तेव्हा राग आला होता, आज त्या नकाराबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

दुसरी गोष्ट स्पंदाच्या लांबीची, म्हणजे प्रकाशाचा एक झोत किती मिलिसेकंद टिकतो त्याची. पातळ तवा गॅसवरून उतरवताच निवतो आणि जाड बुडाचे पातेले बराच वेळ ऊन राहते, तसे त्वचेच्या वरच्या थराचे आणि केसाच्या मुळाचे आहे. वरचा थर ३ ते १० मिलिसेकंदांत उष्णता सोडून देतो, जाड केसाच्या मुळाला त्यासाठी त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून सावळ्या त्वचेवर झोत लांबवला, तर त्वचेला अधूनमधून निवायला सवड मिळते आणि केस मात्र तापत राहतो. माझ्या हातांवर डायोडचा झोत १०० मिलिसेकंदांचा ठेवला होता. त्याच यंत्रावर ३० मिलिसेकंदांची सोयही होती, ती गोऱ्या रुग्णांसाठी वापरतात असे त्यांच्या साहाय्यक ताईंनी सांगितले. पार्लरमध्ये असा प्रश्न मी विचारला होता तेव्हा, "मॅडम, ते मशीन आपोआप सेट करतं," असे उत्तर मिळाले होते आणि मला ते पुरेसे वाटले होते.

आयपीएलचा अनुभव सविस्तर सांगते, कारण सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही ठिकाणी लेझर या नावाखाली सर्वांत जास्त विकले जाते ते हेच. आयपीएल हे लेझर नव्हेच. लेझरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा असतो आणि त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश बाहेर पडतो, ज्यातला कमी तरंगलांबीचा भाग फिल्टर लावून अडवायचा असतो. फिल्टर योग्य असेल, हात सरावलेला असेल आणि त्वचा गोरी असेल तर याने केस कमी होतात, यात शंका नाही. माझ्या बाबतीत तिन्ही नव्हते. पार्लरमध्ये आठ सिटिंगचे पॅकेज १२,००० रुपयांना घेतले, पैसे आधीच भरले, पॅच टेस्ट, म्हणजे छोट्या जागेवर आधी करून पाहणे, झाली नाही. तिसऱ्या सिटिंगला डाव्या कानाखाली चर्र झाल्यासारखे वाटले. घरी येऊन आरशात पाहिले तर जबड्याच्या कडेने तीन चौकोनी तांबूस ठसे एका ओळीत उठले होते, पोस्टाच्या तिकिटांसारखे, कोपरे अगदी सरळ; हँडपीसच्या, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाच्या, काचेचा आकारच तो. आठ दिवसांत खपली धरली, खपली पडल्यावर काळे झाले आणि तो काळपटपणा जायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी कॉलेजवर शिकवायला जाताना उन्हाळ्यातही ओढणी कानावरून घेत होते. उरलेल्या पाच सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत.

डागापेक्षाही मला जास्त त्रास झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. गालाच्या खालच्या बाजूला जिथे आधी नुसती लव होती, तिथे दोनतीन महिन्यांत काळे, जाड केस दिसू लागले. मला वाटले हा भास आहे, आई म्हणाली थ्रेडिंगने झाले असेल. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी ओळखले. प्रकाशाची ताकद केसाचे मूळ मारण्याइतकी नसेल पण त्याला जागे करण्याइतकी असेल, तर लव राठ केसांत बदलण्याचा हा उलटा परिणाम कधीकधी होतो, आणि तो चेहरा व मान या भागांत, सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओडी असलेल्या स्त्रियांत अधिक दिसतो, असे त्यांनी समजावले. लेझरनेही हे होऊ शकते, आयपीएलवर मात्र ते अधिक नोंदले गेले आहे. चेहऱ्यावर नुसती लव असेल आणि राठ केस नसतील, तर आपल्यासारख्यांनी त्या लवेला कोणत्याही प्रकाशयंत्राखाली देऊ नये असे माझे ठाम मत आहे. हळद-बेसन लावा, थ्रेडिंग करा, नाहीतर तशीच राहू द्या. पण लवेवर लेझर मारून केस उगवून घेऊ नका.

विश्रामबागेत डॉक्टरांनी पहिल्या भेटीत यंत्राचे नावही काढले नाही. पाळी नियमित आहे का, वजन किती वाढले, केस कधीपासून आणि कुठे कुठे आहेत हे विचारून त्यांनी शरीराच्या नऊ भागांना गुण दिले आणि टेस्टोस्टेरोन, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून यायला सांगितले. त्याचे कारणही पटण्यासारखे होते. लेझर आज असलेल्या केसांची मुळे जाळते, पण रक्तातली संप्रेरके उद्या नव्या लवेला केस करत राहिली तर ते काम संपतच नाही. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गोळ्या सुरू झाल्या, मग तीन महिन्यांनी पहिली पॅच टेस्ट झाली, आणि तीही कानामागे, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही.

हातांसाठी त्यांनी डायोड निवडले. हँडपीसच्या टोकाला नीलमण्याची काच असते आणि ती बर्फासारखी गार ठेवलेली असते. ती काच त्वचेवर दाबून धरायची, मग एक झोत, मग शेजारी सरकायचे, असा क्रम. दाबण्याचे दोन फायदे आहेत: त्वचा गार राहते आणि मूळ वर येते. पहिला झोत बसला तेव्हा गार आणि गरम असे दोन्ही एकाच क्षणी जाणवले, रबर ताणून सोडल्यासारखा फटका बसला आणि नाकाशी केस जळल्याचा उग्र वास आला. धूर ओढून घेणारी नळी ताई हँडपीसच्या अगदी जवळ धरत होत्या. पार्लरमध्ये अशी नळी नव्हती, आणि तिथल्या ब्यूटीशियन मुली दिवसभर तो धूर घेत होत्या याचे आज वाईट वाटते. दोन्ही हातांना चाळीस मिनिटे लागली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मोहरीएवढा तांबडा फुगवटा होता आणि तो सकाळी गेला. असा फुगवटा येणे हे झोत मुळापर्यंत पोहोचल्याचे चांगले लक्षण आहे, हे मला आधी सांगितले गेले होते म्हणून मी घाबरले नाही.

सहा सिटिंग, प्रत्येकीत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर. हे अंतर लांबवल्याने किंवा कमी केल्याने दवाखान्याची सोय होत असेल, केसांची होत नाही. केस वाढीच्या अवस्थेत असतानाच त्याचे मूळ रंगाने भरलेले आणि जिवंत पेशींना जोडलेले असते, आणि कोणत्याही दिवशी सगळेच केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून एका सिटिंगमध्ये काहीच सापडतात आणि बाकीच्यांची वाट पाहावी लागते. चेहऱ्यावरच्या केसांचे चक्र छोटे, म्हणून तिथे चार ते सहा आठवडे. याच कारणाने सिटिंगच्या आधी महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा हे सारे बंद ठेवावे लागते, कारण मूळच उपटले तर प्रकाशाला लक्ष्य राहत नाही. ब्लेड चालते. हनुवटीवर ब्लेड फिरवायला मला फार जड गेले, केस आणखी राठ होतील ही लहानपणापासूनची भीती होती. ती भीती निराधार आहे, ब्लेड केसाला वरच्या वर कापते आणि मुळाला त्याची खबरही नसते.

पायांसाठी मी त्याच ठिकाणी डायोडची दुसरी पद्धत घेतली, जिला तिथे सगळे एसएचआर म्हणतात. हिच्यात एका जोरदार झोताऐवजी कमी ताकदीचे झोत सेकंदाला दहापर्यंत या वेगाने येत राहतात आणि हँडपीस जेल लावलेल्या त्वचेवर सतत फिरवत ठेवायचा असतो. एका ठरावीक चौकटीत ठरावीक ऊर्जा जमा होईपर्यंत तो पुन्हापुन्हा नेला जातो. इस्रायलच्या अल्मा कंपनीची सोप्रानो ही यंत्रे या पद्धतीमुळे प्रसिद्ध झाली, आणि आता अनेक कंपन्यांची अशी यंत्रे बाजारात आहेत. दुखणे खरोखरच कमी: पाय भाजक्या वाळूवरून चालल्यासारखे ऊन होतात, इतकेच. नियमाने केले तर परिणामही एकेका झोताच्या पद्धतीच्या जवळ जातो. पण या पद्धतीत सारे काही फिरवणाऱ्या हातावर अवलंबून आहे. चौथ्या सिटिंगला नेहमीच्या ताई रजेवर होत्या आणि नव्या मुलीने वीस मिनिटांत दोन्ही पाय आटोपले. महिन्याने उजव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब असा केसांचा सरळ पट्टा उगवून आला, पिकात पेरणीची एक ओळ चुकावी तशी उलट्या रीतीने. त्या पट्ट्यावर हँडपीस गेलाच नव्हता. डॉक्टरांनी तो भाग पैसे न घेता पुन्हा करून दिला. तेव्हापासून मी चौकट पेन्सिलीने आखूनच सुरुवात करा असा आग्रह धरते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

७५५, ८१० आणि १०६४ या तिन्ही तरंगलांबी एकाच हँडपीसमधून देणाऱ्या यंत्रांची जाहिरात आता आपल्याकडेही जोरात आहे, आणि 'एकात तीन लेझर' हे ऐकायला आकर्षक वाटते. या यंत्रांत एकूण ऊर्जा तिघांत वाटली जाते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. सावळ्या त्वचेच्या बाईने त्यातला ७५५ चा वाटा किती आणि तो बंद करता येतो का, हे विचारून घ्यावे. कँडेलाचे जेंटलमॅक्स प्रो किंवा सायनोशुअरचे एलिट अशा यंत्रांत अलेक्झांड्राइट आणि एनडी-याग ही दोन्ही लेझर असतात आणि रुग्णाच्या त्वचेनुसार डॉक्टर त्यांतले निवडतात. माझ्या समजुतीप्रमाणे ही सोय अधिक कामाची आहे.

हनुवटीसाठी डायोडच्या तीन सिटिंग झाल्यावर डॉक्टरांनीच मला मिरजेला पाठवले. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या काळापासून मिरज ही डॉक्टरांची नगरी आहे, आणि विश्रामबागेतून दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचता येते. जुन्या डागाची जागा अजून नाजूक होती आणि तिथे १०६४ वापरणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले. एनडी-यागचा प्रकाश त्वचेवरचे मेलॅनिन कमी शोषते आणि तो खोल जातो, त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या प्रकारच्या त्वचेसाठी तो सर्वांत निर्धोक मानला जातो. त्याची किंमतही मोजावी लागते. केसातले मेलॅनिनही त्याला कमीच शोषते, म्हणून ताकद जास्त ठेवावी लागते, आणि दुखते. माझ्या फाइलवर १२ मिलिमीटर रुंदीचा झोत, ३० मिलिसेकंद आणि चौरस सेंटिमीटरला ३० ज्यूल अशी नोंद आहे. हे आकडे दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या त्वचेवर तसेच्या तसे लावायचे नसतात, पण आपल्या फाइलवर असे आकडे लिहिलेले आहेत की नाहीत, हे प्रत्येकीने पाहावे. हनुवटीच्या हाडावर झोत बसला की डोळ्यांत पाणी येते. आधी थंड हवेचा फवारा, मग झोत, मग पुन्हा फवारा, असे करत ते निभते. डोळ्यांवरचा गॉगल त्यांनी स्वतः बसवला, कडेने उजेड येत नाही ना हे बोट फिरवून पाहिले, आणि भुवईखाली लेझर कधीही मारायचे नसते हेही सांगितले.

नऊ सिटिंगनंतर हनुवटीचे काय झाले ते सांगते. पूर्वी मी दर तिसऱ्या दिवशी चिमटा घेऊन आरशासमोर उभी राहत असे. पर्समध्ये चिमटा नसेल तर लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतही हात हनुवटीशी जाई. आता पाच-सहा आठवड्यांत आठ-दहा केस येतात, तेही पातळ. बारीक केसांवर १०६४ फारसे चालत नाही हे त्याचे उणे आहे, आणि उरलेल्या या पातळ केसांमध्ये मला ते स्पष्ट दिसते. डॉक्टर दर पाचसहा महिन्यांनी एक सिटिंग घ्यायला सांगतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेझरला जी मान्यता दिली आहे तीही केस 'कायमचे कमी होण्याची' आहे, 'कायमचे जाण्याची' नाही, आणि पीसीओडी असलेल्या बाईने हा फरक पैसे भरण्याआधी मनात पक्का केला पाहिजे. आपल्या गावातल्या फलकांवर मात्र सर्रास 'केसांपासून कायमची सुटका' लिहिलेले असते.

घरगुती यंत्रांविषयी थोडक्यात. फिलिप्सचे ल्युमिया किंवा ब्राउनचे सिल्क-एक्स्पर्ट ही आयपीएल आहेत. हातात धरण्याजोगे खरे डायोड लेझर म्हणून ट्रियाचे नाव घेतले जाते, ज्याला अमेरिकेत २००८ साली घरगुती वापराची मान्यता मिळाली. सर्वांची ताकद दवाखान्यातल्या यंत्रांपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि फार सावळ्या त्वचेवर ती वापरू नका असे कंपन्याच सांगतात. नणंद उजळ रंगाची आहे; तिने दर पंधरा दिवसांनी नेमाने वापरले तेव्हा पाय छान राहिले, परीक्षांच्या दिवसांत दोन महिने खंड पडला तेव्हा केस परतले. "वहिनी, तुम्हीही बघा ना," म्हणून तिने माझ्या हातावर टेकवले. कोपराच्या आतल्या गोऱ्या भागावर ते चालले, मनगटाजवळच्या उन्हाने रापलेल्या भागावर दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि झोत निघाला नाही. त्वचेचा रंग ओळखणारा संवेदक त्यात असतो, आणि तो नकार देतो हा त्या यंत्राचा मोठा गुण आहे. तो संवेदक फसवण्यासाठी हाताला पावडर लावण्याची युक्ती काही जणी सांगतात. ती करू नये; पोळून घेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

ऊन हा आपल्याकडचा खरा अडथळा आहे. मार्च ते मे या काळात विश्रामबाग ते मिरज हा रस्ता दुपारी दुचाकीवर केला तर हात पंधरा दिवसांत एका छटेने काळे होतात, आणि जानेवारीत निर्धोक असलेली ताकद मेमध्ये डाग पाडू शकते. तासगावकडे द्राक्षबागेत काम करणारी एक ताई माझ्याच दिवशी यायची. छाटणीच्या हंगामात डॉक्टर तिची सिटिंग सरळ पुढे ढकलत आणि तिला लांब बाह्यांचा शर्ट घालायला सांगत. मी हातांच्या सिटिंग जूननंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवल्या. लग्नसराईत हळदीला जायचे असेल तर सिटिंग नंतरची घ्यावी, कारण त्वचेवर काहीही लावलेले नको असते आणि झोतानंतरची तापलेली त्वचा चोळलेली तर मुळीच चालत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस राहिले असतील तर ते आधी सांगावे.

खर्चाचे म्हणाल तर हातांना एका सिटिंगचे ३,५०० रुपये, म्हणजे सहांचे २१,००० झाले. हनुवटीला एका सिटिंगचे १,५०० पडले. पार्लरचे पॅकेज यापेक्षा स्वस्त होते, पण त्यानंतर डागांच्या क्रीमवर आणि गालावर नव्याने उगवलेल्या केसांवर जे गेले ते धरले तर तेच सर्वांत महाग ठरले. दवाखाना निवडताना मी आता चार गोष्टी विचारते: यंत्र कोणते आणि तरंगलांबी किती, माझी त्वचा कोणत्या प्रकारात धरली, पॅच टेस्ट कुठे आणि कधी, आणि हँडपीस कोणाच्या हातात असेल. उत्तर देताना समोरची व्यक्ती यंत्राकडे न पाहता माझ्या त्वचेकडे पाहत असेल, तर मी पुढे बोलते.

माझा कौल असा: हातापायांच्या राठ काळ्या केसांना आपल्या रंगाच्या स्त्रियांसाठी डायोड, लांब झोत आणि गार काच, चेहऱ्याला, आणि जिथे डाग पडण्याची प्रवृत्ती आहे तिथे, एनडी-याग, अलेक्झांड्राइट केवळ उजळ कांतीसाठी, आयपीएल सावळ्या चेहऱ्यावर नकोच.

हनुवटीवर उजवीकडे तीन केस पांढरे आहेत आणि त्यांना यातले काहीच लागू पडत नाही, कारण पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसते. त्यांच्यासाठी विजेची सुई, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, हाच उपाय; पापण्यांच्या आत वळलेल्या केसांसाठी अमेरिकेतील चार्ल्स मिशेल या डॉक्टरांनी १८७५ साली ती वापरली होती, आणि तिला त्वचेच्या किंवा केसाच्या रंगाशी काही देणेघेणे नाही. एकेका मुळात सुई घालावी लागते, म्हणून ती पायांसाठी कोणी सुचवणार नाही, पण तीन केसांसाठी पुरेशी आहे. मिरजेत दोन महिन्यांपूर्वी तिन्हींवर ती केली. दोन परत आले नाहीत. तिसरा आला आहे, पहिल्यापेक्षा बराच बारीक, आणि त्याच्यासाठी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.